दोष आईच्या दुधाचा नव्हे!



नवजात बाळाच्या काविळीवर या स्तंभात लिहिले होते. ते वाचून तालुक्याच्या गावाहून एका आजोबांचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांच्या घरी दोन नातवंडे झाली. दोन्ही बाळे दिवस भरल्यावर जन्मली, वजन चांगले होते, जन्मताच रडली आणि पहिले दोन दिवस दूधही ओढले. चौथ्या-पाचव्या दिवशी दूध ओढणे कमी झाले, बाळ सुस्त पडले, अंग ताठ करू लागले आणि दुसरा आठवडा संपण्यापूर्वीच गेले. पहिल्या वेळी जंतुसंसर्ग सांगितला गेला. दुसऱ्या वेळीही तसेच. आता सुनेला पुन्हा दिवस गेले आहेत. गावात बोलले जाते की तिचे दूध बाळाला बाधते, तेव्हा या खेपेला बाळाला तिचे दूध न देता शेळीच्या दुधावर ठेवावे. आजोबा विचारतात, "डॉक्टरसाहेब, सुनेचे दूध कोठे तपासून मिळेल काय?"

पत्रावरून निदान करता येत नाही आणि कोणी करूही नये. जंतुसंसर्ग, हृदयातील दोष, रक्तातील साखर उतरणे अशा अनेक कारणांनी नवजात बाळ सुस्त पडते. परंतु जन्मतः धडधाकट असलेली दोन बाळे एकाच घरात, एकाच वयाला, एकाच तऱ्हेने दगावतात, तेव्हा चयापचयाच्या जन्मजात दोषाची शंका घ्यायलाच हवी. आजोबांना पहिले उत्तर असे की सुनेचे दूध तपासण्याची गरज नाही. तपासायचे आहे ते बाळाचे रक्त, आणि तेही वेळेवर. असे का, ते आज सविस्तर पाहू.

प्रथिनांची माळ

वरण, दूध, दही, अंडी, मटण, मटकी यांतून आपल्याला प्रथिने मिळतात. प्रथिन म्हणजे एक माळ समजा. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्ले. शरीरातील प्रथिने साधारण वीस प्रकारच्या मण्यांची बनलेली असतात. त्यांपैकी नऊ मणी शरीराला स्वतः घडवता येत नाहीत, ते अन्नातूनच मिळवावे लागतात. आपण जेवलो की आतड्यात माळ तुटते, मणी सुटे होऊन रक्तात जातात आणि शरीर त्यांतून आपल्याला हव्या त्या नव्या माळा ओवते. स्नायू, त्वचा, केस, रक्त आणि मेंदू या सर्वांना हे मणी लागतात.

गरजेपेक्षा जास्त आलेले मणी शरीराला साठवून ठेवता येत नाहीत. तेलातुपाची चरबी होऊन ती कमरेवर बसते, प्रथिनांचे तसे होत नाही. जादा अमिनो आम्ले मोडून टाकावी लागतात. हे मोडण्याचे काम मुख्यत्वे यकृतात, पायरीपायरीने चालते आणि प्रत्येक पायरीवर एक ठराविक विकर, म्हणजे एन्झाइम, काम करीत असते.

आपल्या जिल्ह्यातील शेतकरी बांधवांना पाटाचे पाणी चांगले ठाऊक आहे. पाटावरचे एक दार अडकले तर काय होते? वरच्या शेतात पाणी तुंबते, उभे पीक कुजते. खालचे शेत मात्र कोरडे राहते. तुंबलेले पाणी वाट फुटेल तिकडे जाते, ते वेगळेच. चयापचयातही असेच घडते. एखादे विकर जन्मतः नसले किंवा दुबळे असले, की त्याच्या अलीकडचे अमिनो आम्ल रक्तात तुंबते, पलीकडे जे तयार व्हायचे ते तयार होत नाही आणि तुंबलेल्यातून भलतेच पदार्थ बनू लागतात.

बाळ पोटात असताना हा दोष लपून राहतो. वारेतून जादा अमिनो आम्ले आईच्या रक्तात जातात आणि आईचे यकृत ती मोडते. नाळ कापली की ही सोय संपते. दूध सुरू झाले की बाळाच्या यकृतावर सगळा भार येतो. म्हणूनच बाळ पहिले दोन-तीन दिवस चांगले दिसते आणि मग मावळत जाते.

मेंदूच्या दारावरची गर्दी

आता प्रश्न असा, की बिघाड यकृतात आणि नुकसान मेंदूचे, हे कसे?

रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक बारीक चाळणी ठेवली आहे. रक्तातले काहीही सरसकट मेंदूत जाऊ शकत नाही. अमिनो आम्लांसाठी या चाळणीत ठराविक वाहक असतात. फेनिलअ‍ॅलॅनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन अशी मोठी अमिनो आम्ले एकाच वाहकाने आत जातात. स्टँडवर एकच एस.टी. लागली आहे आणि तिचे दारही एकच आहे, असे समजा. सर्व गावांचे प्रवासी बेताचे असतील तर सगळ्यांना जागा मिळते. एकाच गावच्या जत्रेची गर्दी लोटली तर तीच माणसे गाडी भरून टाकतात आणि बाकीचे प्रवासी फलाटावरच राहतात.

रक्तात एक अमिनो आम्ल दहा-वीस पट वाढले की मेंदूच्या दारावर हेच घडते. टायरोसिन आत पोहोचले नाही तर डोपामिन कमी बनते. ट्रिप्टोफॅन पोहोचले नाही तर सिरोटोनिन कमी बनते. मेंदूतील पेशी एकमेकींना जे निरोप धाडतात ते याच रसायनांमार्फत. शिवाय बाळाच्या मेंदूत मज्जातंतूंवर आवरण चढण्याचे काम पहिल्या दोन वर्षांत जोरात चालते. विजेच्या तारेवर रबर असते तसे हे आवरण. त्यासाठी प्रथिने लागतात आणि प्रथिनांसाठी सर्व मणी लागतात. एक मणी ढिगाने आणि बाकीचे गायब, अशा स्थितीत माळ ओवली जात नाही. रक्तात पूर आणि मेंदूत दुष्काळ, अशी ही अवस्था असते. त्यात पुराचे स्वतःचे विषारी परिणाम वेगळेच.

नॉर्वेतील एक आई

हे सारे उलगडले ते बरेचसे एका आईच्या चिकाटीमुळे. नॉर्वेतील या बाईंना दोन मुले होती, मुलगी आणि मुलगा. दोन्ही जन्मतः चांगली, पण दोघांचीही बुद्धी वाढली नाही. मुलांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येतो, हे तिच्या लक्षात आले. अनेक डॉक्टर झाले, कोणी उत्तर देईना. शेवटी १९३४ मध्ये ऑस्लो येथील डॉ. असब्यॉर्न फॉलिंग यांनी मुलांची लघवी तपासली. त्या काळी मधुमेहाच्या रुग्णाच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकून पाहत असत, रंग तांबूस-जांभळा होई. या मुलांच्या लघवीला मात्र गडद हिरवा रंग आला. फॉलिंग हे रसायनशास्त्रही शिकलेले होते. त्यांनी चिकाटीने तो पदार्थ वेगळा केला. तो होता फेनिलपायरुव्हिक आम्ल. म्हणजे फेनिलअ‍ॅलॅनिन तुंबून त्यातून बनलेला भलता पदार्थ. या आजाराला आज फेनिलकीटोन्युरिया, थोडक्यात पी.के.यू. म्हणतात.

या आजारात फेनिलअ‍ॅलॅनिनचे टायरोसिन करणारे विकर नसते. निरोगी बाळाच्या १०० मिलिलिटर रक्तात फेनिलअ‍ॅलॅनिन १ ते २ मिलिग्रॅम असते, या बाळांत ते २० मिलिग्रॅमच्याही वर जाते. उपचार न मिळाल्यास काही महिन्यांत बाळ मागे पडू लागते, पुढे फिट्स येतात, बुद्धी खुंटते. टायरोसिनपासूनच त्वचेचा व केसांचा काळा रंग तयार होतो, म्हणून अशा मुलाचे केस आणि वर्ण भावंडांपेक्षा फिके असतात. घरातली सर्व मुले काळ्याभोर केसांची आणि एकच भुऱ्या केसांचे, तेही मागे पडलेले, असे असेल तर "गोरे गोमटे झाले" म्हणून कौतुक करण्याआधी तपासणी करावी.

कारण कळले तरी उपाय सापडायला आणखी सुमारे वीस वर्षे लागली. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात डॉ. हॉर्स्ट बिकेल यांच्याकडे एक लहान मुलगी होती. तिला उभे राहता येत नव्हते, ती बोलत नव्हती, कण्हत पडून राही. तिची आई रोज सकाळी प्रयोगशाळेबाहेर डॉक्टरांची वाट पाहत उभी राहत असे. निदान झाले, आता इलाज सांगा, एवढेच तिचे मागणे. बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेनिलअ‍ॅलॅनिन काढून टाकलेले प्रथिनांचे मिश्रण तयार केले. काही महिन्यांत मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली, तिची नजर उजळली. पुन्हा फेनिलअ‍ॅलॅनिन देऊन पाहिले तेव्हा ती लगेच खालावली. १९५३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मेंदूचा एक आजार आहार बदलून आटोक्यात येतो, हे जगाने पाहिले.

पण त्याचबरोबर एक कटू सत्यही कळले. आहाराने पुढचे नुकसान थांबते, झालेले नुकसान पूर्णपणे भरून येत नाही. म्हणजे लक्षणे दिसण्यापूर्वीच आजार ओळखायला हवा. हे काम अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी केले. त्यांचा स्वतःचा एक मुलगा बुद्धीने मागे होता आणि नात्यातल्या एका मुलीला पी.के.यू. होता. बाळाच्या टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब टिपकागदावर वाळवून पोस्टाने पाठवता येतील आणि प्रयोगशाळेत तपासता येतील, अशी स्वस्त चाचणी त्यांनी तयार केली. ती १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे कितीतरी देशांत प्रत्येक नवजात बाळासाठी रूढ झाली. युरोपात साधारण दहा हजार बाळांमागे एकाला पी.के.यू. असतो. ही बाळे आज शाळेत जातात, नोकऱ्या करतात, संसार करतात. आहार मात्र आयुष्यभर सांभाळावा लागतो. या आजाराच्या स्त्रीने गरोदरपणात तर तो फारच काटेकोर पाळावा, नाहीतर तिच्या रक्तातील जादा फेनिलअ‍ॅलॅनिन पोटातल्या बाळाच्या मेंदूला आणि हृदयाला इजा करते.

मेथीचा वास: कधी भ्यावे, कधी भिऊ नये

आपल्याकडे पी.के.यू. युरोपच्या मानाने कमी दिसतो. परंतु त्याच कुळातील इतर आजार आहेत. त्यांपैकी एकाचे वर्णन डॉ. जॉन मेंकेस यांनी १९५४ मध्ये केले. एका कुटुंबातील चार बाळे जन्मानंतर थोड्याच काळात दगावली होती आणि त्यांच्या लघवीला मेपल झाडाच्या गोड पाकासारखा वास येत होता. आपल्याकडे मेपलचा पाक कोणी पाहिलेला नसतो. तो वास करपलेल्या साखरेसारखा, किंवा अगदी ओळखीचे सांगायचे तर मेथीसारखा असतो.

या आजारात ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्ले पुढे मोडली जात नाहीत. त्यांत ल्युसिन मेंदूला सर्वांत घातक. पी.के.यू.मध्ये नुकसान महिन्यांत होते, येथे ते दिवसांत होते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून बाळ दूध सोडते, रडणे बारीक होते, कधी अंग लुळे तर कधी धनुष्यासारखे ताठ होते, पाय सायकल चालवल्यासारखे हलतात, झटके येतात, मेंदूला सूज येते. याच वेळी बाळ जंतुसंसर्गाने आजारी आहे असे वाटणे स्वाभाविक असते, कारण दोन्ही चित्रे सारखीच दिसतात.

येथे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांसाठी एक खुलासा. बाळंतिणीला आपण मेथीचे, डिंकाचे लाडू देतो. आईने मेथी खाल्ली की तिच्या आणि बाळाच्याही अंगाला, लघवीला मेथीचा वास येऊ शकतो. बाळ नीट दूध पीत असेल, जागे होऊन रडत असेल, वजन भरत असेल, तर त्या वासाला मुळीच भिऊ नये. परंतु बाळ सुस्त आहे, दूध ओढत नाही आणि लंगोटाला तसा वास आहे, तर "लाडवांचा वास आहे" म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना वासाबद्दल आवर्जून सांगावे. आणि वास नाही म्हणजे आजार नाही, असेही समजू नये.

तिसरा गट अमोनियाच्या आजारांचा. अमिनो आम्ल मोडताना अमोनिया तयार होतो. यकृत त्याचे युरिया करून लघवीवाटे बाहेर टाकते. ही साखळी जन्मतः तुटलेली असेल तर अमोनिया रक्तात चढतो. मेंदूतील आधारपेशी तो शोषून घेऊन त्याचे ग्लुटामाइन बनवतात. ग्लुटामाइन साचले की पेशी पाणी ओढून फुगतात आणि मेंदूला सूज येते. बाळ सुस्त, उलट्या करणारे आणि विशेष म्हणजे भराभर श्वास घेणारे असे दिसते.

शेळीचे दूध का नको?

आता आजोबांच्या पत्राकडे वळू. आईचे दूध बाळाला बाधते, या समजुतीत एक अर्धे सत्य दडलेले आहे. दुधातील प्रथिने मोडता न आल्याने बाळ आजारी पडते, हे खरे. पण तो दोष दुधाचा नव्हे, बाळाच्या शरीरातील अडकलेल्या दाराचा आहे. जगातील कोणत्याही आईचे दूध त्या बाळाला तसेच बाधले असते. उलट, शेळीच्या किंवा गाईच्या दुधात आईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट प्रथिने असतात. म्हणजे अमिनो आम्लांचा आजार असलेल्या बाळाला शेळीच्या दुधावर ठेवणे हे पुराच्या पाण्यात आणखी धरणाचे पाणी सोडण्यासारखे आहे. आणि बाळ निरोगी असेल तर त्याला आईच्या दुधापासून विनाकारण तोडल्याचा दोष आपल्या पदरी.

किंबहुना पी.के.यू.सारख्या आजारातही तज्ज्ञ विशेष दुधाच्या जोडीने मोजून आईचे दूध चालू ठेवतात, कारण त्यात प्रथिने कमी असतात. म्हणून हा लेख वाचून कोणीही बाळाचे दूध आपल्या मनाने बंद करू नये. तसेच बाळाला उपाशी ठेवणे हाही इलाज नव्हे. उपाशी राहिले की शरीर स्वतःचे स्नायू मोडू लागते आणि त्यातूनच अमिनो आम्लांचा नवा लोंढा रक्तात येतो. रुग्णालयात प्रथिने थोड्या काळासाठी थांबवतात, पण त्याच वेळी शिरेतून साखर देऊन ताकद पुरवतात. गरज पडल्यास डायलिसिस करून रक्त शुद्ध करतात आणि मग त्या आजारासाठी बनवलेले खास दूध मोजून सुरू करतात.

दुसरी गोष्ट वारशाची. यांपैकी बहुतेक आजारांत आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलेले असते. दोघांनाही स्वतःला काही त्रास नसतो, कारण प्रत्येकाकडे एक चांगले जनुक असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. पहिली दोन बाळे गेली म्हणून तिसरे जाणारच असे नाही, आणि पहिले चांगले झाले म्हणून दुसरे सुरक्षित, असेही नाही. दर खेपेला चार चिठ्ठ्या नव्याने टाकाव्यात तसे हे असते. यात सुनेचा जेवढा वाटा, तेवढाच मुलाचा. पायगुण, दृष्ट, दूध यांचा काडीमात्र संबंध नाही.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे. एकाच आजी-आजोबांकडून आलेले सदोष जनुक नवराबायको दोघांतही असण्याची शक्यता अशा लग्नात वाढते. म्हणून नात्यात लग्न झालेल्या जोडप्याने, विशेषतः घरात अशी बाळे गेली असतील तर, पुढील गरोदरपणापूर्वी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. दोष नेमका कोणता हे कळलेले असेल तर गरोदरपणाच्या दहा ते तेरा आठवड्यांच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते. त्यासाठी आधीच्या बाळाचे निदान झालेले असणे फार उपयोगी पडते. म्हणून एखादे बाळ निदान न होता हातचे जात असेल, तर त्या दुःखातही त्याच्या रक्ताचे काही थेंब टिपकागदावर वाळवून ठेवण्यास डॉक्टरांना सांगावे. जाणारे बाळ पुढच्या भावंडाला वाचवू शकते.

टाचेतले काही थेंब

आपल्याकडे पाचवी पुजतात. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते अशी श्रद्धा आहे. पाचवी अवश्य पुजावी. पण त्याआधी, जन्मानंतर ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, शक्य असेल तेथे टाचेतील रक्ताची चाचणी करून घ्यावी. आता टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री नावाच्या यंत्राने त्याच वाळलेल्या थेंबांतून अनेक अमिनो आम्लांचे प्रमाण एकदम कळते. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत ही सोय आहे आणि नमुना कागदावर वाळलेला असल्याने तो आपल्या गावाहूनही पाठवता येतो. आपल्या शेजारच्या गोवा राज्याने २००८ मध्ये नवजात बाळांसाठी सरकारी खर्चाने असा कार्यक्रम सुरू केला होता. आपल्याकडे मात्र प्रत्येक बाळाची ही चाचणी सरसकट होत नाही, म्हणून पालकांनीच विचारायला हवे. ज्या घरात आधी बाळ गेले आहे त्यांनी तर बाळंतपण नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच करावे आणि आधीचा सर्व इतिहास बालरोगतज्ज्ञांना आगाऊ सांगून ठेवावा. अशा बाळाच्या बाबतीत लक्षणांची वाट न पाहता तपासणी सुरू करता येते.

खर्चाची चिंता रास्त आहे, कारण खास दूध महाग असते आणि ते वर्षानुवर्षे लागते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात वर सांगितलेल्या आजारांचा, म्हणजे खास आहाराने आटोक्यात राहणाऱ्या आजारांचा समावेश आहे. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. ही मदत ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फत मिळते, त्यांत मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय आहे. त्याशिवाय २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. मूल मागे पडत असेल तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे, तेथून पुढे जिल्हा पातळीवर पाठविण्याची व्यवस्था आहे.

स्वस्तात बरा होणारा एक चुलतभाऊ

याच गटाच्या जवळचा एक आजार आपल्याकडे दिसतो आणि तो जन्मजात नव्हे, आहारातून येतो. ब-१२ जीवनसत्त्वाशिवाय होमोसिस्टिन या अमिनो आम्लाचे मेथिओनिनमध्ये रूपांतर नीट होत नाही. ब-१२ दूध, अंडी, मांस यांतूनच मिळते. पूर्ण शाकाहारी आणि दूधही फार न घेणाऱ्या आईच्या अंगात ते कमी असते, मग तिच्या दुधातही कमी येते. केवळ अंगावर पिणारे बाळ सहा महिन्यांपासून वर्षा-दीड वर्षापर्यंत गुटगुटीत दिसते, पण फिकट असते. बसणारे मूल बसायचे सोडते, हसायचे सोडते, बोटांच्या पेरांवरची त्वचा काळवंडते, केस विरळ होतात, हातपाय थरथरतात. वेळीच ओळखले तर ब-१२ च्या इंजेक्शनांनी असे मूल पुन्हा हसू लागते. उशीर केला तर बुद्धीवर कायमचा परिणाम राहू शकतो. गरोदर स्त्रीने रोज दूध-दही घ्यावे, चालत असल्यास अंडी खावीत आणि शाकाहारी असल्यास ब-१२ बद्दल डॉक्टरांना विचारावे.

मोठ्यांसाठी दोन शब्द

मेंदूच्या दारावरची हीच गर्दी मोठ्या माणसांतही होते. दारूने, काविळीच्या विषाणूने किंवा चरबीने यकृत कडक झाले, की अमोनिया वाढतो, फेनिलअ‍ॅलॅनिन व टायरोसिन वाढतात आणि ल्युसिनच्या गटातील अमिनो आम्ले घटतात. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, अक्षर बिघडते, हात पुढे धरायला सांगितले तर पंखासारखे फडफडतात. "बाहेरची बाधा झाली" म्हणून वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. बद्धकोष्ठ, रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा झोपेची गोळी यांपैकी काहीतरी बहुधा निमित्त झालेले असते.

पूर्वी अशा रुग्णांची डाळ आणि दूध बंद करीत. आता तसे करीत नाहीत. प्रथिने बंद केली की स्नायू झडतात, आणि स्नायू तर अमोनिया जिरवण्याचे काम करतात. किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत, ती वरण, मूग, दही-दूध यांतून थोडी थोडी विभागून द्यावीत, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खायला द्यावे, असा आजचा सल्ला आहे. लॅक्ट्युलोजचे औषध दिवसाला दोन-तीन पातळ जुलाब होतील असे घ्यावे लागते. जुलाब होतात म्हणून ते आपल्या मनाने थांबवू नये.

लक्षात ठेवा

१) जन्मतः चांगले असलेले बाळ दुसऱ्या ते सातव्या दिवसात दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, भराभर श्वास घेऊ लागले, ताठ किंवा लुळे पडले, तर ती तातडीची बाब आहे. सकाळची वाट पाहू नये.

२) घुटी, धुरी, पोटावर चटके, बिब्बा यांत एक तासही घालवू नये.

३) आधी बाळ दगावले असल्यास किंवा नात्यात लग्न असल्यास ते डॉक्टरांना न लाजता सांगावे. जंतुसंसर्गाच्या तपासण्यांबरोबरच रक्तातील साखर, आम्लता व अमोनियाची तपासणी होईल का, असे विचारावे.

४) अंगाला वा लघवीला वेगळा वास येत असल्यास सांगावे.

५) शिकलेले मूल विसरू लागले, बसणारे मूल बसेनासे झाले, तर "उशिरा चालेल, बापही उशिरा चालला" असे म्हणून थांबू नये.

६) आजार ठरलेल्या मुलाला ताप, उलट्या झाल्या किंवा उपवास घडला तर धोका वाढतो. अशा दिवशी काय द्यायचे, हे तज्ज्ञांकडून कागदावर लिहून घेऊन तो कागद जवळ ठेवावा.

७) पी.के.यू. असणाऱ्यांनी अ‍ॅस्पार्टेम असलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या व शीतपेये टाळावीत, त्यात फेनिलअ‍ॅलॅनिन असते. इतरांनी त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

हे आजार विरळ आहेत. बहुसंख्य बाळांना आईचे दूध अमृतासारखेच मानवते. परंतु ज्या थोड्या घरांवर ही वेळ येते, तेथे बाळ गमावलेल्या आईलाच दोषी धरले जाते, आणि त्या दोषारोपात पुढच्या बाळाची तपासणी राहून जाते. सुनेला बोल लावणे थांबवून तेच श्रम तिला वेळेवर योग्य रुग्णालयात पोहोचविण्यासाठी लावले, तर घरात पाळणा हलता राहण्याची आशा नक्कीच आहे.

पुढील आठवड्यात: बाळाला वरचे अन्न केव्हा व कसे सुरू करावे.